नानांसोबत शिवसागरच्या काठानं

पावसाआधी एकदा जाऊन येऊ, असं नाना तीन वर्षं म्हणत होते. कधी माझी रजा जमली नाही, कधी त्यांचा गुडघा आडवा आला. यंदा मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात जमवलंच. त्यांना मे महिनाच हवा होता. कोयना धरणाचं वर्ष १ जूनला सुरू होतं आणि ३१ मेला संपतं, कारण पाण्याचा सगळा हिशेब पावसापासून पावसापर्यंतचा. म्हणजे मे हा त्या वर्षाचा शेवटचा महिना. शिवसागर जलाशय तेव्हा चांगला खाली उतरलेला असतो, आणि नानांना बघायचं होतं ते पाण्याखालचं.

नाना माझे वडील. बामणोलीच्या वरच्या अंगाला कोयनेच्या काठी त्यांचं गाव होतं. १९६१ च्या उन्हाळ्यात गाव उठलं तेव्हा ते आठ वर्षांचे होते. चौदाव्या वर्षी मुंबईला आले, मस्जिद बंदरच्या गावकीच्या गाळ्यात राहिले. मग माथाडीत चाळीस वर्षं पाठीवर पोती, आणि आता कोपरखैरण्याची खोली. जावळी खोऱ्यातल्या किती घरांची हीच हकिकत आहे, म्हणून गावाचं नाव इथं लिहीत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

दिवस पहिला : कोपरखैरणे ते बामणोली

पहाटे साडेचारला निघालो. गाडी मीच चालवत होते. खंबाटकी उतरेपर्यंत नाना झोपले होते, सातारा दिसायला लागल्यावर मात्र ताठ बसले. पोवई नाक्याला चहा घेतला आणि यवतेश्वरचा घाट धरला.

कासबद्दल सगळ्यांनी इतकं लिहिलं आहे की मी थांबत नाही. मे महिन्यात तिथं फुलं नसतात. तापलेला जांभा, वाळकं गवत आणि वारा. २०१२ मध्ये जागतिक वारशात गेलेलं पठार ते हेच का, असं वाटावं इतकं उघडं. कास तलावाशी नानांनी गाडी थांबवायला लावली, हातपाय धुतले आणि म्हणाले, "साताऱ्याला हितनं पाणी जातंय. आमच्या आज्याच्याही आधीपासनं." उतारानं आपोआप वाहत शहरापर्यंत जाणारं पाणी. त्यासाठी कुणाचं गाव उठवावं लागलं नव्हतं, हे ते बोलले नाहीत, पण मला ऐकू आलं.

कास सोडल्यावर रस्ता उतरत जातो आणि एका वळणावर जलाशय दिसतो. डोंगरांच्या सोंडांमधून हाताच्या बोटांसारखं पसरलेलं पाणी, दुपारच्या उन्हात पांढुरकं. पाणी आणि झाडी यांच्या मधोमध लाल मातीचा उघडा पट्टा. पावसाळ्याअखेर पाणी कुठवर असतं ते त्या पट्ट्यावरून कळतं. झाडी जिथं संपते तिथपर्यंत. इतकी सरळ रेघ, की कुणी दोरी लावून आखल्यासारखी वाटते.

कोयना महाबळेश्वरला उगम पावते. कृष्णेसारखी पूर्वेला न वळता ती सह्याद्रीच्या कण्याला समांतर, उत्तरेकडून दक्षिणेकडे साठेक किलोमीटर जाते आणि हेळवाकपाशी काटकोनात पूर्वेला फिरते. पुढे कराडला कृष्णेला मिळते, तो प्रीतिसंगम. हेळवाकच्या वर, ती वळायच्या आधी, तिला देशमुखवाडीपाशी अडवली. त्यामुळे पाणी मागं फुगलं ते थेट तापोळ्यापर्यंत. शिवसागर रुंदीला फार नाही, लांबीला मात्र साठ किलोमीटरच्या आसपास. लांबट दरी होती, तिचा लांबट समुद्र झाला. साठवण १०५.२५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे २८३१ कोटी लिटर. मी हे आकडे गाडीत वाचून दाखवले तेव्हा नाना म्हणाले, "आकड्यानं काय कळतंय? भात किती पिकत व्हतं ते सांग."

बामणोलीत एका घरगुती खानावळीत उतरलो. गाव काठावर आहे खरं, पण पाणी खाली गेल्यामुळे बोटींचा धक्काही खाली सरकला होता. तिथवर घसरत्या मातीतून चालत जावं लागलं. बोटवाल्यांच्या रांगेत उभं राहून दुसऱ्या दिवशीची वासोट्याची बोट ठरवली.

संध्याकाळी काठाशी बसलो असताना नानांनी एक गोष्ट सांगितली. बासष्टच्या पावसाळ्यात, गाव उठून वरच्या माळावर झोपड्या घातल्यावर, त्यांचे वडील, म्हणजे दादा, रोज तिन्हीसांजेला खाली जायचे आणि पाण्याच्या अगदी कडेला एक धोंडा ठेवायचे. सकाळी उठून बघायचे. धोंडा बुडालेला असायचा. मग संध्याकाळी नवा धोंडा, आणखी वर. "कशाला ठेवत व्हता ते कधी बोलला न्हाय. आम्ही पोरं म्हणायचो, दादा पाणी मोजतोय."

रात्री नाचणीची भाकरी, धरणातल्या माशाचं कालवण आणि कैरीची चटणी. जेवताना वळवाचा वारा सुटला आणि लाईट गेली, ती पहाटेपर्यंत आली नाही. समोर काळोखात, महाराष्ट्राला वीज देणारं पाणी काठाला लपलप करत होतं. खानावळीतल्या मावशींनी कंदील आणून ठेवला, सवयीनं. मला त्या रात्री राग आला होता आणि अजून तो गेलेला नाही.

दिवस दुसरा : वासोटा

सकाळी सातला बोट. तास-दीड तासाचा प्रवास, दोन्ही बाजूंनी जंगल उतरत आलेलं. बोट मेट इंदवलीच्या काठाला लागते. इथं पूर्वी गाव होतं, आता वनखात्याची चौकी. कोयना अभयारण्य १९८५ चं, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. या खोऱ्यातली काही गावं धरणानं एकदा उठली आणि अभयारण्यानं पुन्हा एकदा. चौकीवर आमच्या पिशव्यांतल्या प्लास्टिकच्या बाटल्या मोजून अनामत घेतली. परत येताना बाटल्या दाखवायच्या आणि पैसे न्यायचे. पद्धत फार चांगली आहे. वाटेवर एक कागद दिसला नाही.

नाना वर येणार नव्हते. ओढ्याकाठच्या मारुतीपाशी सावलीत बसले. मी पुण्याहून आलेल्या एका गटाबरोबर चढायला लागले.

वाट पहिल्यापासून दाट झाडीतून जाते. मे असूनही ऊन अंगावर येत नाही. जांभूळ, हिरडा, अंजन, आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना करवंदीच्या जाळ्या पिकलेल्या. एका ठिकाणी शेकरूनं फांदीवरून फांदीवर उडी घेतली, तेव्हा तांबूस शेपटी एवढी मोठी दिसली की आधी तीच दिसली, मग शेकरू. गव्याचं ताजं शेण पाहून आमच्याबरोबरचा वाटाड्या थांबला, कानोसा घेतला आणि मग पुढं झाला. शेवटचा तासभर चढ दम काढतो.

वासोटा म्हणजे व्याघ्रगड. उंची ४२६७ फूट. पेशवाईच्या अखेरीस ताई तेलिणीनं हा गड बापू गोखल्यांविरुद्ध लढवला, आणि १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतला तेव्हा हंटर आणि मॉरिसन हे त्यांचे दोन अधिकारी इथं कैदेत होते. वर आज मारुतीचं देऊळ, महादेवाचं देऊळ, पाण्याचं टाकं आणि काही जोती उरली आहेत. इतिहास मोठा आहे, पण मला या गडावर येऊन जे बघायचं होतं ते बाबूकड्यावरून दिसतं.

कड्याशी गेल्यावर पायाखालची जमीन संपते. कोकण एकदम खाली पडलेलं आहे. घोड्याच्या नालासारखा वळलेला काळा कातळ, खाली दाट रान, त्यापलीकडे कोकणातल्या वाड्यांची कौलं धुरकट दिसत होती. मान पूर्वेला वळवली की शिवसागर. एका बाजूला उंचावर ठेवलेलं पाणी, दुसऱ्या बाजूला कोसळलेली जमीन, आणि मध्ये डोंगराची ही एवढीशी भिंत. पूर्वेला वाहणारं पाणी कराडवरून कृष्णेत, मग कर्नाटक, तेलंगण, आंध्र करत बंगालच्या उपसागरात जायचं. या भिंतीला बोगदा पाडून तेच पाणी पश्चिमेला सोडलं, तर ते साधारण पावणेपाचशे मीटर खाली पडतं. एवढ्या उंचीवरून पडणाऱ्या पाण्यानं जनित्रं फिरतात. कोयना प्रकल्पाची सगळी कल्पना एवढीच आहे, आणि ती कुठल्याही नकाशापेक्षा बाबूकड्यावर उभं राहून अर्ध्या मिनिटात समजते. ज्यांनी ती पहिल्यांदा पाहिली त्यांच्या नजरेला मी मनापासून हात जोडले. रात्रीचा राग तसाच होता. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

उतरून आले तेव्हा नाना आणि बोटवाला गप्पांत रंगले होते. पळसाच्या पानांच्या द्रोणात करवंदं. बोटवाल्याचं आजोळ नानांच्या शेजारच्या गावचं निघालं. तेही गाव पाण्याखाली. "उद्या नेतो तुम्हाला," तो म्हणाला. "पाणी बरंच हटलंय. जागा घावंल."

दिवस तिसरा : नानांचं गाव

या दिवसासाठी आलो होतो.

बोट उत्तरेकडे निघाली. वाटेत एक लाँच समोरून आली, माणसांनी आणि सामानानं भरलेली. पलीकडच्या काठावरच्या वाड्यांना हीच एसटी. आमच्या बोटवाल्यानं वेग कमी केला आणि दोन्ही शेजारी आल्या. लाँचवर सिमेंटचे पत्रे, भाताच्या बियाण्याच्या पिशव्या, छपराला घालायच्या निळ्या प्लास्टिकच्या कागदाचे गुंडाळे, दोन गॅसच्या टाक्या. पावसाआधीची बेगमी. एक म्हातारी बाई सुनेच्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती, मांडीवर दवाखान्याची फाईल. साताऱ्याला तपासायला चालल्या होत्या. लाँचनं बामणोली, तिथून गाडीनं सातारा, आणि शेवटची लाँच चुकली तर मुक्काम. जून ते सप्टेंबर वाऱ्यापावसात लाँच बंद पडली तर काय करता, मी विचारलं. सून म्हणाली, "घरी ऱ्हातो. दुखणं अंगावर काढतो." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ती मला माहिती देत होती.

तापोळ्याला सोळशी नदी कोयनेला मिळते. कांदाटी खोऱ्याचं पाणीही याच जलाशयात येतं. तापोळ्याहून पलीकडे गाड्या तराफ्यावर चढवून नेतात, आणि आता आहिरकडे जाणाऱ्या मोठ्या पुलाचं काम चाललं आहे. पूल झाला की त्या सुनेला शेवटच्या लाँचची भीती राहणार नाही. हा पूल तीस-चाळीस वर्षांपूर्वी व्हायला हवा होता. काठावर पाट्या दिसतात, "मिनी काश्मीर". मला हे नाव आवडत नाही. हे जावळीचं खोरं आहे. चंद्रराव मोऱ्यांकडून शिवरायांनी १६५६ मध्ये घेतलं ते जावळी. त्याला दुसऱ्या कुणाचं लहान रूप म्हणायचं काही कारण नाही.

तासाभरानं बोट एका खाडीसारख्या आत गेलेल्या पाण्यात वळली आणि चिखलाला लागली. पुढं चालायचं होतं. पाणी हटलेली जमीन फरशीसारखी तडकलेली, तड्यांच्या कडा वर वळलेल्या. पाऊल टाकलं की वरचा पापुद्रा कुरकुर करत मोडायचा आणि खाली माती ओलसर. जागोजाग शिंपले, उघडे, आतून चमकणारे. जुन्या झाडांचे बुंधे काळे पडून उभे होते, साठ वर्षं पाण्यात राहूनही न कुजलेले.

नाना पुढं झाले. काठी टेकत, पण माझ्यापेक्षा भराभर. एका ठिकाणी त्यांनी काठीनं माती उकरली. "बांध हाय बघ." गाळाखाली खरंच दगडांची रांग होती, वाकडी, उताराच्या कलानं वळलेली. तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी. भाताच्या खाचरांचे बांध. पाण्यानं घरं नेली, झाडं नेली, पण हे हातानं रचलेले दगड हलले नव्हते. नाना बांधावरून चालायला लागले. दोन्ही बाजूंना सपाट गाळ असताना, पडायची काही भीती नसताना, ते मधोमध पाय टाकत बांधावरूनच चालले.

घर सापडलं नाही. जोती तीन-चार दिसली, पण ती कुणाची ते नानांना ठरवता येईना. मग बोटवाल्यानं हाक मारली. गाळात अर्धा रुतलेला एक मोठा दगड, वरून घासून गुळगुळीत झालेला, आणि मधोमध वाटीसारखा खोल खड्डा. उखळ. अंगणात पुरलेलं. मी चिखल काढायला बसले. आधी वाळका पापुद्रा, मग मऊ करडा गाळ, मग तळाशी एक जिवंत गोगलगाय. हात आत घातला तर कोपराच्या जरा खालपर्यंत गेला. भिंत आतून इतकी गुळगुळीत की बोट फिरवलं की थांबत नव्हतं. किती बायकांनी किती वर्षं भात कांडला असेल म्हणजे दगड असा झिजतो. एका बाजूनं तो जास्त झिजला होता. कांडणारी त्या बाजूला उभी राहत असणार.

नाना शेजारी उकिडवे बसले. "आपलं हाय का हे?" मी विचारलं. ते बराच वेळ उखळाच्या काठावरून हात फिरवत राहिले. "सगळ्यांच्या दारात व्हतं असं," ते म्हणाले. "आपलं म्हटलं तर आपलं."

मग त्यांना आठवत गेलं. देव आधी हलवला. ग्रामदैवताची पालखी पुढं आणि मागं बैलांच्या पाठीवर संसार. दाराच्या चौकटी, वासे, तुळया, कौलं, जे निघेल ते काढून घेतलं. आजीनं तुळशीची माती फडक्यात बांधली. गोठ्यातली म्हातारी म्हैस चालेना, ती तिथंच एका कातकऱ्याला दिली. कचेरीतून एक माणूस वही घेऊन यायचा आणि झाडं मोजायचा. फणस किती, आंबे किती. फणसाला त्यानं एक आकडा लावला तेव्हा आजी म्हणाली, "ह्याचे गरे तू खाल्ले न्हाईस म्हणून एवढाच लावलास."

तेव्हा पुनर्वसनाचा कायदा नव्हता. महाराष्ट्रात तो आला १९७६ मध्ये. कोयनेची माणसं त्याच्या पंधरा वर्षं आधी उठली. कुणी वरच्या डोंगरावर सरकलं, कुणाला रायगड, ठाणे, सांगली, सोलापूर अशा ठिकाणी जमिनी दाखवल्या. आमच्या घराला जी दाखवली ती खडकाळ होती, पाण्याविना होती, आणि तिचे कागद पूर्ण व्हायला दादांचं आयुष्य पुरलं नाही. नानांनी पुढं किती फेऱ्या घातल्या ते आम्ही लहानपणी पाहिलंय. खाकी पाकीट, त्यात सातबारा, अर्जांच्या नकला. रविवारी ते बाहेर काढायचे, वाचायचे, पुन्हा ठेवायचे. अजून त्यांच्या ट्रंकेत आहे.

दोनच्या सुमाराला बोटवाला चुळबुळ करायला लागला. पश्चिमेला ढग आले होते आणि वाऱ्यात हा जलाशय उथळ बोटीला चांगला नाही. निघताना नानांनी उखळात ओंजळभर पाणी ओतलं. मी फोटो काढणार होते, काढला नाही.

दिवस चौथा : कोयनानगर

बामणोली, सातारा, उंब्रज, मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर. दिवसाचा बराच भाग गाडीतच गेला. नाना बोलले नाहीत.

चार वाजता नेहरू उद्यानातून धरण पाहिलं. १०३ मीटर उंच, आठशे मीटरवर लांब, मध्ये सहा वक्राकार दरवाजे. १९५४ मध्ये कामाला हात लागला, १९६२ मध्ये पहिली वीज निघाली, आणि पुढच्या दोनेक वर्षांत धरण पुरं झालं. दरवाजे बंद होते, खाली नदी बारीक वाहत होती. पावसाळ्यात "कोयना, नवजा, महाबळेश्वर" हे पावसाचे तीन आकडे रोज बातम्यांत ऐकतो, आणि दरवाजे किती फुटांनी उचलले यावर कराड-सांगलीच्या काठच्या माणसांची झोप अवलंबून असते. उन्हाळ्यात हेच पाणी टेंभू, ताकारी, म्हैसाळच्या उपसा योजनांना जातं. दुष्काळी भागातला ऊस, द्राक्षं, डाळिंबं यावर उभी आहेत. सांगलीच्या माणसाला कोयना वरदायिनी वाटते, आणि ते खरंच आहे.

नानांनी धरणाकडे पाहून एकच विचारलं, "भूकंपात भेगा कुठं पडल्या व्हत्या?"

११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. तीव्रता साडेसहाच्या आसपास. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, कोयनानगर जमीनदोस्त झालं. धरणाच्या वरच्या भागात आडव्या भेगा पडल्या, पण धरण टिकलं. ते फुटलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार पाटणमध्ये आजही कुणी मोठ्यानं करत नाही. नंतर भेगा बुजवून धरणाला मागून बळकटी दिली. पाणी साठवायला सुरुवात झाल्यापासून या भागात धक्के बसायला लागले होते. साठ्याचं वजन आणि खडकातल्या भेगांत मुरणारा पाण्याचा दाब, यामुळे आधीच ताणलेला खडक सरकतो, असं शास्त्रज्ञ मानतात. जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांचं नाव निघालं की जगभर कोयनेचं उदाहरण दिलं जातं. धक्के अजून बसतात. कराडला त्यासाठी खास प्रयोगशाळा आहे, आणि २०१७ मध्ये गोठणे इथं जवळपास ३ किलोमीटर खोल छिद्र घेऊन खडकाचा अभ्यास केला गेला.

भूकंप झाला तेव्हा नाना नुकतेच मुंबईला गेले होते. मस्जिद बंदरच्या गाळ्यात तीस-चाळीस माणसं ओळीनं झोपलेली. खुंटीवरचे कंदील हलले, भांडी वाजली, सगळे जिन्यावरून खाली पळाले. दुपारी कुणीतरी बातमी आणली, कोयनेला झालंय. आई-दादा वरच्या माळावर होते. पत्र यायला नऊ दिवस लागले. "त्या नऊ दिवसांत मी पोती उचलली, पण किती उचलली ते आठवत न्हाय."

मुक्काम कोयनानगरलाच केला. ज्या टपरीवर रात्री दूध घेतलं, तिथला माणूस म्हणाला की आम्ही धक्का बसला की आधी पंख्याकडे बघतो. पंखा हलला तर उठायचं, नाहीतर कूस बदलायची.

दिवस पाचवा : कुंभार्ली उतरून खेर्डी

खरं तर परत सातारामार्गे जाणार होतो. सकाळी नाना म्हणाले, "पाणी जिथं गेलं तिथं जाऊ."

कुंभार्ली घाट उतरताना डोंगराच्या आत काय चाललंय ते दिसत नाही. नवज्याच्या बाजूनं पाणी बोगद्यात शिरतं आणि पोफळीला डोंगर पोखरून केलेल्या वीजघरात पडतं. तिथून कोळकेवाडीच्या छोट्या धरणात जमतं आणि आणखी एकदा वीज करून बाहेर निघतं. वीज प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ ला, जलाशय रिकामा न करता, खालून बोगदा खणत नेऊन तळाचा शेवटचा खडक स्फोटानं उडवला. आशियातलं ते पहिलं लेक टॅपिंग. तशीच कामगिरी २०१२ च्या एप्रिलमध्ये पुन्हा केली. सगळे टप्पे मिळून क्षमता १९६० मेगावॉटच्या आसपास. वीजघरं परवानगीशिवाय पाहता येत नाहीत, म्हणून आम्ही पोफळी, शिरगाव, अलोरे मागं टाकत पुढं गेलो.

पश्चिमेला वळवायच्या पाण्याला कृष्णा पाणीतंटा लवादानं वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. वीज करून झाल्यावर सुटणाऱ्या या पाण्याला इकडे अवजल म्हणतात. ते वाशिष्ठीत येतं आणि दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळतं. कोकणातल्या बाकीच्या नद्या मे महिन्यात गोट्यांचे ढीग होऊन पडलेल्या असतात. वाशिष्ठी वाहते.

खेर्डीच्या वरच्या अंगाला एका आमराईतून नदीकाठी उतरलो. भरती इथवर येत नाही. दोन बायका कपडे धूत होत्या. कुठून आलात, विचारपूस झाली. नानांनी गावाचं नाव सांगितलं, त्यांना ते माहीत नव्हतं. कोयना म्हटल्यावर मात्र एक हसली. "मग हे तुमचंच पाणी की हो. वर मशिनी चालू झाल्या की नदी चढते, बंद झाल्या की उतरते. संध्याकाळी बघा, मुंबईत दिवे लागायची वेळ झाली की पाणी येतं. आम्ही धुणी तेवढ्यात उरकतो."

आम्हाला परतीचा लांबचा पल्ला होता. तरी नाना म्हणाले, थांबू. आंब्याच्या सावलीत भाकरी खाल्ली, ते जरा आडवे झाले. साडेपाचला उठून काठावर गेले, मुठीएवढा एक काळा गोटा निवडला, पाण्याच्या अगदी कडेला ठेवला आणि चपला काढून शेजारी बसले. मीही बसले.

बायका बादल्या उचलून गेल्या. पलीकडच्या काठावर म्हशी पाण्यातून निघाल्या. सहा वाजले, सव्वासहा वाजले. पावणेसातच्या सुमाराला पाण्याचा आवाज थोडा बदलला, जाड झाला. गोट्याच्या एका बाजूची वाळू काळी झाली. मग पाणी त्याच्या दोन्ही अंगांनी आलं आणि मागं भेटलं.

नानांनी चपला उचलून एक हात वर ठेवल्या.